पत्र्याला आधी रंग, मग आकार

आपल्या मेसच्या मागे भांडी घासायची जागा आहे, तिच्यावर निळा पत्रा आहे. जुलैमध्ये जेवताना त्याचा एवढा आवाज होतो की समोरचा "आमटी सरकव" म्हणाला तरी ऐकू येत नाही. आपण सगळे रोज दोनदा त्या पत्र्याखालून जातो. हा पत्रा कसा बनतो असं मला कोणी विचारलं असतं, तर मी बिनधास्त सांगितलं असतं, "लोखंडाचा पत्रा घेतात आणि त्याला निळा रंग मारतात." मी मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. या उत्तराची मला लाज वाटायला हवी होती. पण कोणी विचारलंच नव्हतं, त्यामुळे वाटलीही नाही.

विचारलं ते माझ्या मामाने.

मामा ठाण्याला बाळकुमला राहतो. त्याचं फॅब्रिकेशनचं छोटं दुकान आहे. ग्रिल, गेट, जिन्याचे कठडे आणि पावसाळ्याच्या तोंडावर गच्चीवरच्या शेड. एके काळी कोलशेत रोडच्या या पट्ट्यात सँडोझ, कलर-केम, बायर असे रंगांचे आणि रसायनांचे कारखाने होते. आता तिथे टॉवर उभे आहेत. मधल्या जुन्या चार मजली इमारतींच्या गच्च्या गळतात, आणि त्या गच्च्यांवर मामाचं घर चालतं.

तीन वर्षांपूर्वी मामाने खाडीच्या बाजूच्या एका सोसायटीच्या गच्चीवर शेड टाकली. दोन पावसाळे झाले आणि पत्र्याच्या कडेला रंग फुगायला लागला. मधे मधे चहाच्या शिंतोड्यांसारखे तपकिरी ठिपके आले. सेक्रेटरींनी मामाला वर बोलावून सगळ्या सभासदांसमोर ते ठिपके दाखवले. उरलेले पैसे तर दिले नाहीतच, शिवाय शेजारच्या दोन सोसायट्यांची ठरलेली कामंही गेली. मामाचं म्हणणं एकच, "रंग डुप्लिकेट निघाला." ज्या दुकानदाराकडून माल घेतला त्याने हात वर केले.

गणपतीत मी घरी गेले तेव्हा मामाने विचारलं, "बाय, तुमच्या कॉलेजात पत्रा शिकवतात का?"

आता गंमत बघा. माझी शाळा कॉन्व्हेंट. गॅल्व्हनायझेशनची व्याख्या मला इंग्रजीत तोंडपाठ. मामा त्यालाच "जस्ताचं पाणी" म्हणतो. आम्ही दोघं दहा मिनिटं एकाच गोष्टीबद्दल बोलत होतो आणि दोघांनाही ते कळत नव्हतं. शेवटी मी म्हटलं, "मामा, पुढच्या महिन्यात आमची इंडस्ट्रियल व्हिजिट आहे, कलर कोटिंग लाइनलाच. मला त्या शेडचा एक तुकडा दे." मामाने वहीएवढा तुकडा कापून दिला. तो मी वर्तमानपत्रात गुंडाळून सॅकमध्ये घातला.

त्या तुकड्याचं पुढे काय झालं ते शेवटी सांगते. आधी पत्रा कसा बनतो ते समजून घेऊ, नाहीतर शेवट कळणार नाही.

उलटा कारभार

मामा गेट कसं बनवतो? आधी पाइप कापतो, वेल्डिंग करतो, घासतो आणि सगळ्यात शेवटी रंग मारतो. आपल्या सगळ्यांच्या डोक्यात हाच क्रम असतो. वस्तू आधी, रंग नंतर.

कलर पत्र्याचं बरोबर उलटं आहे. आधी सपाट पट्टीला रंग देतात, तो भट्टीत भाजतात, पट्टीची गुंडाळी करतात आणि मग कधीतरी दुसऱ्याच गावात ती उलगडून, दाबून, तिला नाली पाडून छपराचा पत्रा करतात. म्हणजे रंग असा हवा की लोखंड वाकलं की तोही वाकला पाहिजे, तडा न जाता. ही पद्धत १९३०च्या दशकात अमेरिकेत सुरू झाली. तिथे खिडक्यांच्या व्हेनेशियन ब्लाइंडच्या पट्ट्या एकेक करून रंगवत बसणं परवडेना, म्हणून अख्खी लांब पट्टीच रंगवून घ्यायची आणि नंतर कापायची असा विचार झाला. आज फ्रीजचा दरवाजा, वॉशिंग मशीनची बाजू, कारखान्याचं छप्पर, गोदामाची भिंत, सगळं याच पद्धतीने होतं.

आणि हे काही दूर कुठे होत नाही. आपल्या ठाणे जिल्ह्यातच, कल्याणच्या पुढे कसारा मार्गावर वासिंद स्टेशन आहे. तिथे जिंदाल समूहाने १९८२मध्ये कारखाना सुरू केला. पुढे २००५मध्ये जिंदालांच्या दोन पोलाद कंपन्या एकत्र येऊन जेएसडब्ल्यू स्टील झाली. वासिंदला आज जस्त चढवलेला आणि रंगीत पत्रा बनतो. महाराष्ट्रात तारापूर, खोपोली आणि नागपूरजवळचं कळमेश्वर इथेही हा माल बनतो. कंपनी कोणतीही असो, क्रम तोच. तोच खाली सांगते.

पायरी पहिली: जाड पट्टीची पातळ पट्टी

पोलाद कारखान्यातून येते ती गरम असताना लाटलेली पट्टी, साधारण दोन-अडीच मिलिमीटर जाड. तिच्यावर काळपट ऑक्साइडचा थर असतो. तो हायड्रोक्लोरिक ॲसिडच्या टाक्यांमधून पट्टी नेऊन काढतात. याला पिकलिंग म्हणतात. लोणच्याशी संबंध नाही, मी विचारून आले.

मग पट्टी थंड असतानाच मोठ्या रोलमधून पुन्हा पुन्हा लाटतात. दोन मिलिमीटरची ०.४ मिलिमीटर झाली की लांबी पाचपट होते, कारण रुंदी फारशी बदलत नाही. पोळी लाटताना ती गोल पसरते, इथे ती फक्त लांब होते. पण थंड लाटल्यामुळे पोलाद कडक आणि ठिसूळ होतं. तसंच वाकवलं तर चिरेल. म्हणून पुढच्या लाइनवर त्याला आधी भट्टीतून नेतात.

पायरी दुसरी: जस्ताचं पाणी

ही गॅल्व्हनायझिंग लाइन. भट्टीत पट्टी सातशे-आठशे अंश सेल्सिअसपर्यंत तापवतात. आत हवा नसते, नायट्रोजन आणि हायड्रोजन असतो, म्हणजे गंज धरायला ऑक्सिजनच मिळत नाही. उलट हायड्रोजन पृष्ठभागावरचा उरलासुरला ऑक्साइडही काढतो. या तापण्याने पोलाद पुन्हा मऊ होतं.

तशीच गरम पट्टी हवेला न लागता थेट वितळलेल्या जस्तात उतरते. जस्त ४१९.५ अंशाला वितळतं आणि भांडं साधारण ४६० अंशावर ठेवतात. पट्टी जस्तातून सरळ वर येते तेव्हा दोन्ही बाजूंनी हवेचा पातळ, जोरदार झोत बसतो. त्याला एअर नाइफ म्हणतात. झोत जोरात सोडला की जास्त जस्त खाली ओघळतं आणि थर पातळ होतो, हळू सोडला की थर जाड राहतो. बस्स, त्या एका झोतावर पत्र्याचं आयुष्य ठरतं. आणि पैसाही, कारण जस्त पोलादापेक्षा कितीतरी महाग आहे.

हा थर ग्रॅममध्ये मोजतात. "झेड १२०" म्हणजे एक चौरस मीटर पत्र्यावर दोन्ही बाजू मिळून १२० ग्रॅम जस्त. एका बाजूला ६० ग्रॅम. जस्ताची घनता धरून हिशेब केला तर एका बाजूचा थर फक्त ८.४ मायक्रॉन येतो. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग.

एवढा पातळ थर करतो काय? दोन कामं. एक, पोलादाला हवा-पाणी लागू देत नाही. दुसरं काम जास्त महत्त्वाचं. केमिस्ट्रीचं पुस्तक आठवा: जस्ताचं इलेक्ट्रोड पोटेन्शियल उणे ०.७६ व्होल्ट, लोखंडाचं उणे ०.४४. दोघं शेजारी शेजारी ओलसर जागेत असले की जस्त आधी झिजतं आणि लोखंडाला वाचवतं. म्हणून पत्रा कापला आणि कडेला लोखंड उघडं पडलं तरी शेजारचं जस्त त्याची राखण करतं. आईने स्वतः कमी जेवून मुलांना वाढावं तसं. पण भांड्यातच कमी असेल तर आई तरी किती पुरवणार?

जस्ताऐवजी ५५ टक्के ॲल्युमिनियम, ४३.४ टक्के जस्त आणि १.६ टक्के सिलिकॉन असं मिश्रणही वापरतात. हे अमेरिकेतल्या बेथलेहेम स्टीलने विकसित केलं आणि १९७२मध्ये बाजारात आणलं. गॅल्व्हल्यूम म्हणतात ते हेच. याचं भांडं सहाशे अंशाच्या आसपास असतं. ॲल्युमिनियम हळू झिजतं, म्हणून छपरासाठी हे सारख्या जाडीच्या जस्तापेक्षा जास्त टिकतं. "एझेड १५०" असं लिहिलं असेल तर दोन्ही बाजू मिळून १५० ग्रॅम. हे मिश्रण हलकं असल्यामुळे थर मात्र प्रत्येक बाजूला सुमारे २० मायक्रॉन पडतो.

पायरी तिसरी: रंगाची लाइन

आता आम्ही जी लाइन पाहिली ती. एका टोकाला गुंडाळी उलगडते आणि दुसऱ्या टोकाला रंगीत गुंडाळी तयार होते, मधे पट्टी कधीच थांबत नाही. पाच टनांची, १.२२ मीटर रुंद आणि अर्धा मिलिमीटर जाड गुंडाळी उलगडली तर एक किलोमीटरपेक्षा थोडी लांब भरते. मिनिटाला ९० मीटर वेगाने ती पावणेबारा मिनिटांत संपते.

संपली की काय? तिच्या शेपटीला पुढच्या गुंडाळीचं तोंड जोडायचं. जोडायला दीड मिनिट लागलं असं धरा. तेवढा वेळ लाइन थांबवली तर भट्टीत असलेला रंग जळेल. म्हणून सुरुवातीला आणि शेवटी ॲक्युम्युलेटर नावाचा मनोरा असतो. त्यात पट्टी वर-खाली, वर-खाली अशा फेऱ्यांमध्ये साठवलेली असते. ही आपल्या हॉस्टेलच्या गच्चीवरची टाकी समजा. खाली नळाचं पाणी गेलं तरी वर नळाला धार चालू राहते. दीड मिनिटासाठी ९० गुणिले दीड, म्हणजे १३५ मीटर पट्टी साठलेली हवी. आमच्यातल्या एकाने विचारलं, जोडायला दोन मिनिटं लागली तर? सोबतचे इंजिनिअर हसून म्हणाले, "मग माझी नोकरी जाते."

त्यानंतर अंघोळ. अल्कलीच्या गरम पाण्याने तेल आणि धूळ काढतात, ब्रश मारतात, स्वच्छ पाण्याने धुतात. मग एका रसायनाचा अगदी पातळ थर लावून वाळवतात. हा थर डोळ्याला दिसत नाही. पण जस्ताच्या गुळगुळीत अंगाला रंग धरत नाही, आणि हा थर दोघांना एकमेकांशी बांधतो. पूर्वी यासाठी सरसकट क्रोमेट वापरायचे. सहा संयुजेचं क्रोमियम विषारी आणि कॅन्सरकारक आहे, म्हणून आता क्रोमियम नसलेली रसायनंही वापरतात. इंजिनिअर म्हणाले, "इथे हलगर्जी झाली तर त्या दिवशी काही दिसत नाही. दोन वर्षांनी छपरावर साल निघतं."

मग प्रायमर. रंग फवारत नाहीत, रोलने लावतात. खाली ट्रेमध्ये रंग, त्यात बुडालेला एक रोल, त्याला टेकलेला रबरी आवरणाचा दुसरा रोल आणि त्याला टेकून जाणारी पट्टी. पहिला रोल रंग उचलतो, दुसरा पट्टीला लावतो. दोन रोलमधला दाब आणि त्यांचे वेग बदलून जाडी ठरवतात. प्रायमर वाळल्यावर फक्त ५ मायक्रॉन. त्यात गंज रोखणारी द्रव्यं असतात.

पट्टी भट्टीत जाते. भट्टीत तिला खालून आधार देता येत नाही, रंग ओला असतो ना! म्हणून ती दोन टोकांवर ताणून झोपाळ्याच्या दोरीसारखी अधांतरी जाते. भट्टी ३० मीटरची धरली तर मिनिटाला ९० मीटर वेगाने पट्टी आत जेमतेम २० सेकंद असते. तेवढ्यात पट्टीचं तापमान दोनशेच्या वर जायला हवं. बाहेर आल्यावर पाण्याने थंड करतात, पुन्हा रोल, आणि आता वरचा खरा रंग. पुन्हा भट्टी, या वेळी पट्टी सुमारे २३० अंशापर्यंत तापते.

इथे रंग नुसता वाळत नाही. पॉलिस्टरच्या साखळ्या मेलामाइनच्या मदतीने एकमेकींना जोडल्या जातात आणि जाळं तयार होतं. कमी भाजलं तर रंग मऊ राहतो, जास्त भाजलं तर ठिसूळ होतो. भाकरीसारखंच. पट्टी किती तापली हे कळायला तिच्यावर तापमानाप्रमाणे रंग बदलणारी चिकटपट्टी लावून सोडतात. रंगातून उडणारी द्रावकाची वाफ हवेत सोडत नाहीत, ती वेगळ्या भट्टीत जाळतात आणि ती उष्णता पुन्हा कामाला लावतात.

शेवटी पट्टी थंड करून गुंडाळतात. गरमच गुंडाळली तर रंगाचे थर एकमेकांना चिकटतील. मागच्या बाजूला कंपनीचं नाव, जस्ताचा वर्ग, जाडी, तारीख असं छापतात. ही छपाई लक्षात ठेवा.

पत्र्याचा छेद

आता हा पत्रा चाकूने केकसारखा कापला असं समजा. चांगल्या गॅल्व्हल्यूम पत्र्यात काय दिसेल?

वरचा रंग २० मायक्रॉन, प्रायमर ५, मिश्रधातू २०, पोलाद ४००, पुन्हा मिश्रधातू २०, आणि मागचा रंग १० मायक्रॉन. एकूण ४७५ मायक्रॉन, म्हणजे साधारण ०.४७ मिलिमीटर.

आपल्याला जो निळा दिसतो तो यातला फक्त २० मायक्रॉन. आपला केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. एका चौरस मीटरला वाळलेला रंग किती? २० मिलिलिटर. चहाचे चार चमचे! आपण पत्रा घेताना बघतो ते हे चार चमचे. बाकी सगळं पोटात.

आणखी एक. दुकानात "पॉइंट पाच दे" म्हटलं की प्रश्न असा की ती जाडी पोलादाची की रंग आणि जस्त धरून? वरच्या पत्र्यात पोलाद ०.४० आहे, रंगासकट ०.४७. ताकद पोलादाची असते. एकाने पोलादाची जाडी सांगितली आणि दुसऱ्याने एकूण, तर दोघंही खोटं न बोलता पंधरा टक्क्यांचा फरक पडतो.

मामाचा तुकडा

व्हिजिटच्या शेवटी आम्हाला प्रयोगशाळा दाखवली. मी धीर करून सॅकमधून वर्तमानपत्राची गुंडाळी काढली. मुलं हसली. लॅबमधल्या मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी तुकडा उजेडात धरला, उलटा केला आणि विचारलं, "मागे काही छापलेलं नाही?" नव्हतं.

मग त्यांनी आमच्यासमोरच चाचण्या घेतल्या. कापडाला मिथाइल इथाइल किटोन लावून रंगावर दाबून शंभर वेळा पुढे-मागे घासलं. रंग नीट भाजलेला नसेल तर तो निघून येतो. मामाच्या तुकड्याचा रंग निघाला नाही. मग तुकडा घडी घालून दाबला, वाकलेल्या जागी टेप लावून खेचला. रंग आला नाही. रंगाची जाडी मोजली, २२ मायक्रॉन. अगदी पुरेपूर नाही, पण वाईटही नाही. मॅडम म्हणाल्या, "रंगात काही खोट दिसत नाही."

मला वाटलं, आता मामाला काय सांगायचं?

मग मायक्रोमीटर लावला. मामाने ०.५० म्हणून घेतलेला पत्रा रंगासकट ०.४५ भरला. मग एक गोल चकती कापून, रंग काढून, वजन केलं. ती ॲसिडमध्ये टाकून जस्त विरघळवलं, पुन्हा वजन केलं. फरकावरून हिशेब आला: चौरस मीटरला दोन्ही बाजू मिळून ६२ ग्रॅम. म्हणजे एका बाजूला ३१ ग्रॅम, सव्वाचार मायक्रॉनच्या आसपास. झेड १२०च्या निम्मं.

हे किती टिकतं? आयएसओ ९२२३ या मानकात हवेचे गंजण्यानुसार वर्ग केले आहेत. सी ४ वर्गात, म्हणजे समुद्राची थोडी खारट हवा असलेल्या भागात, उघडं जस्त वर्षाला २.१ ते ४.२ मायक्रॉन झिजतं. बाळकुमची खाडीकाठची हवा या वर्गात धरली तर उघड्या पडलेल्या जागी मामाच्या पत्र्याचं जस्त एक-दोन वर्षांत संपणारच. रंगाखालचं जस्त झाकलेलं असतं, ते वाचतं. पण कड, भोक आणि ओरखडा झाकलेला नसतो. म्हणून गंज कडेपासून सुरू झाला आणि रंग आतून फुगला. रंग बिचारा शेवटपर्यंत धरून होता, खालची जमीनच सरकली.

मी खूश झाले. म्हणजे चूक दुकानदाराची, मामा सुटला! तेवढ्यात मॅडमनी ठिपके भिंगाखाली घेतले आणि विचारलं, "हा पत्रा ग्राइंडरने कापला होता का?"

मी गप्प. मामाच्या दुकानात सगळं ग्राइंडरनेच कापतात. लहानपणी त्या ठिणग्या बघायला मी मुद्दाम जाऊन उभी राहायची. दिवाळीच मला वाटायची.

त्यांनी समजावलं. ठिणगी म्हणजे तापलेला लोखंडाचा कण. तो रंगावर पडतो, रंगात रुततो आणि थंड होतो. त्याच्यावर ना जस्त ना रंग. पहिल्या दवाला तो गंजतो. चहाचे शिंतोडे ते हेच. शिवाय चकती जिथून जाते तिथे कडेचा रंग जळतो आणि जस्तही जळून जातं. म्हणजे जी कड जस्ताच्या भरवशावर असते, तिथलंच जस्त आपण जाळतो. स्क्रूसाठी भोक पाडताना पडणारा चुरा झाडून टाकला नाही तर तोही हेच करतो. कलर पत्रा कातरीने किंवा निब्लरने कापायचा, आणि संध्याकाळी छप्पर मऊ झाडूने झाडून खाली उतरायचं.

तर निकाल असा: कडेचा गंज निम्मा जस्ताचा, निम्मा ग्राइंडरचा. मधले ठिपके पूर्ण आमचे. रंग निर्दोष.

मामाला सांगितलं तेव्हा

फोनवर सांगायचा धीर झाला नाही. दिवाळीच्या सुट्टीत दुकानात जाऊन सांगितलं. दुकानदाराचा भाग आधी सांगितला, ग्राइंडरचा नंतर. पहिला भाग ऐकून मामा ताडकन उठला, दुसरा ऐकून परत बसला. बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "पंचवीस वर्षं ग्राइंडरनेच कापतोय. कोणी सांगितलंच नाही." त्याच्या गेटना, ग्रिलना ग्राइंडर चालतो, कारण रंग नंतर लागतो. पत्र्यात रंग आधी लागलेला असतो, एवढाच फरक. तो फरक त्याला कोणी सांगितला नव्हता. आणि मला शिकवला होता तो इंग्रजीत, परीक्षेपुरता.

मामाने सोसायटीच्या सेक्रेटरींना जाऊन दोन्ही गोष्टी सांगितल्या. मी म्हटलं होतं, दुसरी कशाला सांगतोस? तो म्हणाला, "अर्धं सांगितलं तर ते अर्धंच विश्वास ठेवतील." शेवटी खाडीच्या बाजूची एक रांग बदलायची ठरली. पत्रा सोसायटीचा, मजुरी मामाची. जुने पैसे काही मिळाले नाहीत. पण मार्चमध्ये शेजारच्या सोसायटीने पुन्हा बोलावलं. दुकानात आता एक निब्लर आहे. मुलं म्हणतात हळू कापतो. मामा म्हणतो, "हळू कापा."

पत्रा घेताना

आपल्या पार्किंगवर या उन्हाळ्यात शेड टाकायची आहे असं ऐकलं. ऑफिसमधल्या सरांना आणि रेक्टर सरांना माझी नम्र विनंती, या पाच गोष्टी बघाव्यात. घरी शेड घालणाऱ्या प्रत्येकालाही उपयोग होईल.

१. पत्रा उलटा करून बघा. मागे कंपनी, वर्ग आणि जाडी छापलेली हवी. जस्ताच्या रंगीत पत्र्याचं भारतीय मानक आयएस १४२४६ आहे, ॲल्युमिनियम-जस्त मिश्रणाच्या रंगीत पत्र्याचं आयएस १५९६५.

२. जाडी विचाराल तेव्हा पोलादाची किती आणि एकूण किती, दोन्ही विचारा आणि बिलावर लिहून घ्या. मायक्रोमीटर आपल्या वर्कशॉपमध्ये आहे, तो घेऊन जायला हरकत नाही.

३. जस्त किती ग्रॅमचं ते विचारा. "भरपूर आहे" हे उत्तर नव्हे. गुंडाळीसोबत कारखान्याचं टेस्ट सर्टिफिकेट येतं. गुंडाळी कापून पत्रे झाले की ते सर्टिफिकेट गोदामातच राहतं, म्हणून मागावं लागतं.

४. साइटवर ग्राइंडर दिसला तर काम थांबवा. स्क्रूखाली रबरी वॉशर हवा, आणि तो चपटा होऊन बाहेर येईपर्यंत आवळायचा नाही.

५. रंग कोणता हे सगळ्यात शेवटी ठरवा. निळा की हिरवा यावर मीटिंगमध्ये एक तास जातो. त्यातली दहा मिनिटं जस्ताला द्या.

हा लेख लिहिण्याआधी मी मेसच्या मागे जाऊन स्टुलावर चढून आपला निळा पत्रा खालून बघितला. मेसच्या मावशींना वाटलं मी पाल शोधतेय. मागे काहीही छापलेलं नाही. कडा फुगायला लागल्या आहेत, आणि स्क्रूभोवती चहाचे शिंतोडे आहेत.